चरकोक्त वाक्यदोष आणि आपल्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला तीन भाषांचा संसार सांभाळावा लागतो. संहिता संस्कृतात, रुग्ण मराठीत, आणि प्रबंध, शोधनिबंध, तपासणीचे अहवाल व मोठ्या रुग्णालयाला द्यावयाची चिठ्ठी इंग्रजीत. यांपैकी संस्कृतासाठी अभ्यासक्रमात स्वतंत्र विषय आहे. मराठी त्याला आईकडून मिळालेली असते. इंग्रजी मात्र विद्यार्थ्याला येतच असेल असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. या गृहीतकाची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही मंचर येथे चिकित्साव्यवसाय करतो. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील, बी. ए. एम. एस. च्या अंतिम वर्षात किंवा आंतरवासितेत असलेली मुले-मुली सुटीत गावी आली की आमच्याकडे बसतात. कोणी घोडेगावचे, कोणी ओतूरचे, कोणी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांतले. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी प्रबंधाची प्रकरणे घेऊन येतात. त्यांची बुद्धी, श्रम करण्याची तयारी आणि ग्रंथांवरील निष्ठा यांविषयी आम्हाला किंचितही शंका नाही. तथापि त्यांचे इंग्रजी लेखन वाचताना आम्हाला आमचेच विद्यार्थिदशेतील दिवस आठवतात. आमच्या पिढीला इंग्रजीची ओळख पाचवीत झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आम्ही वाढलो. वाक्य मनात मराठीत जुळवायचे आणि शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवायचे, ही सवय तेव्हा लागली ती आजही पुरती सुटलेली नाही.

आमच्या हातून घडलेली एक चूक

प्रथम आमच्याच चुकीची कबुली देणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात डिंभ्याच्या वरच्या एका वाडीतून साठीच्या एक मावशी आमच्याकडे आल्या. चार दिवसांपासून ताप, कालपासून दम. नाडी, श्वसनगती व छातीची तपासणी पाहता त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविणे आवश्यक होते. आमच्याकडे असलेल्या आंतरवासीय विद्यार्थिनीने चिठ्ठी लिहिली. तीत 'पेशंट इज हॅविंग फीवर सिन्स फोर डेज' असे वाक्य होते. व्याकरणदृष्ट्या ते चुकीचे आहे. आम्ही मोठ्या तोऱ्यात ते खोडले, 'पेशंट हॅड फीवर फॉर फोर डेज' असे लिहिले, आणि 'सिन्स' व 'फॉर' यांतील भेद तिला तिथेच समजावून सांगितला.

आमचे वाक्य व्याकरणशुद्ध होते, पण त्याचा अर्थ चुकीचा होता. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की पूर्वी केव्हातरी चार दिवस ताप येऊन गेला. मावशींनी वाटेत तापाची गोळी घेतलेली असल्याने रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा अंग गार होते. चिठ्ठीवर विसंबून त्यांना जुना दमा असलेल्या रुग्णांच्या रांगेत बसविण्यात आले. त्यात तेथील कोणाचाही दोष नव्हता. आम्ही जे लिहिले तेच त्यांनी वाचले. सायंकाळी पुन्हा हुडहुडी भरली, मुलाने आरडाओरडा केला, तेव्हा छातीचे छायाचित्र निघाले आणि फुप्फुसाचा संसर्ग लक्षात आला. मावशी अकरा दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. परंतु त्या दिवसाचे सहा तास आमच्या एका क्रियापदाने खाल्ले होते.

विद्यार्थिनीच्या अशुद्ध वाक्यातून ताप अजून चालू आहे एवढे तरी निश्चित कळत होते. आमच्या शुद्ध वाक्याने तेवढेही कळू दिले नाही. मराठीत 'चार दिवस ताप आहे' आणि 'चार दिवस ताप होता' यांतील भेद एका 'आहे'वर उभा आहे. इंग्रजीत पूर्वी सुरू होऊन अद्याप चालू असलेल्या गोष्टीसाठी वेगळा काळ आहे. तेथे 'हॅज हॅड फीवर फॉर फोर डेज' असे म्हणावे लागते. 'फॉर' पुढे कालावधी येतो आणि 'सिन्स' पुढे आरंभाचा क्षण येतो: 'फॉर फोर डेज', परंतु 'सिन्स मंडे'. हा नियम आम्हाला पाठ होता. मात्र नियम पाठ असणे वेगळे आणि वाचणाऱ्याच्या मनात काय उमटेल हे पाहणे वेगळे, हे त्या दिवशी आम्हाला उमगले.

चरकाचार्यांची कसोटी

लेखनशुद्धीचा विचार आपल्याला परक्यांकडून उसना घ्यावा लागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या, रोगभिषग्जितीय अध्यायात वादमार्गाचे विवेचन करताना आचार्यांनी पाच वाक्यदोष सांगितले आहेत: न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक आणि विरुद्ध. वाक्य या दोषांपासून मुक्त असले व त्यातील पदांचा अर्थ चटकन कळला, की ते प्रशंसनीय ठरते. आपले विद्यार्थी परीक्षेसाठी हे पाच दोष पाठ करतात. तेच दोष त्यांनी स्वतःच्या इंग्रजी वाक्यात शोधावेत, अशी आमची सूचना आहे.

न्यून. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन यांपैकी एखादे अंग कमी असणे, असा याचा शास्त्रीय अर्थ. लेखनाच्या दृष्टीने, वाचणाऱ्याला जे हवे ते वाक्यात नसणे म्हणजे न्यूनता. 'अ' व 'द' ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून आपली मुले ती गाळतात. 'पेशंट वॉज गिव्हन डिकॉक्शन' या वाक्यात कोणता काढा? आधी सांगितलेलाच असेल तर 'द' हवा, कोणता तरी एक असेल तर 'अ' हवा. शोधनिबंध वाचणारा परदेशी परीक्षक याच अडीच अक्षरांवरून ठरवितो की एकच काढा सर्वांना दिला की निरनिराळे. मात्रा लिहिताना एकक गाळणे हा याच दोषाचा अधिक घातक प्रकार होय. 'पाच' लिहिले, ग्रॅम की मिलिलिटर की गोळ्या?

अधिक. अप्रस्तुत बोलणे किंवा पुनरुक्ती करणे. आचार्यांनी पुनरुक्तीचे शब्दपुनरुक्त व अर्थपुनरुक्त असे दोन भेद केले आहेत. 'भेषज, भेषज' हे पहिल्याचे आणि 'भेषज, औषध, साधन' हे दुसऱ्याचे उदाहरण. आपल्याकडील 'रिटर्न बॅक', 'रिपीट अगेन', 'डिस्कस अबाउट' हे प्रयोग अर्थपुनरुक्तीचेच आहेत. 'डिस्कस' या क्रियापदाच्या पोटात 'विषयी' आधीच आहे. मराठीतील 'त्याविषयी चर्चा केली' मधला 'विषयी' आपण ओढून आणतो. आयुर्वेदाचा विषय चालू असताना भलत्याच शास्त्राचे बोलणे यालाही आचार्य अधिक म्हणतात. प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी आयुर्वेदाची प्राचीनता वर्णन करणारी दोन पाने पाहिली की आम्हाला या वचनाची आठवण होते.

अनर्थक. ज्यातून अर्थ निघत नाही असा केवळ अक्षरांचा समूह. कवर्गादी पाच वर्गांसारखा. आजच्या काळात याचे रूप म्हणजे संक्षेप. 'ओडी' ही दोन अक्षरे घ्या. आपण ती 'दिवसातून एकदा' या अर्थी लिहितो. नेत्रचिकित्सक तीच अक्षरे 'उजवा डोळा' या अर्थी वाचतो, आणि आपत्कालीन कक्षात त्यांचा अर्थ 'अतिमात्रा' होतो. 'एचएस' हे कोणी 'झोपताना' असे वाचतो, कोणी 'अर्ध्या शक्तीचे'. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ असतो, कागदावर मात्र नुसता वर्णसमूह उरतो. 'वन्स डेली', 'अॅट बेडटाइम' असे पूर्ण लिहिण्यास दोन क्षण अधिक लागतात, ते द्यावेत.

अपार्थक. प्रत्येक शब्दाला अर्थ आहे, परंतु शब्दांचा परस्परांशी अन्वय नाही. वंश, वज्र, निशाकर अशी पदे ओळीने ठेवावीत तसे. आमच्याकडे आलेल्या एका प्रबंधात असे वाक्य होते: 'आफ्टर ड्रिंकिंग द डिकॉक्शन, द इन्व्हेस्टिगेटर रेकॉर्डेड द पल्स.' विद्यार्थ्याला म्हणायचे होते की रुग्णाने काढा प्याल्यानंतर संशोधकाने नाडी नोंदविली. इंग्रजीच्या नियमानुसार काढा संशोधकाने प्याला! कृदंताने आरंभ झाला की स्वल्पविरामानंतर येणारा पहिला कर्ता हाच त्या क्रियेचा कर्ता ठरतो. मराठीत 'काढा प्याल्यानंतर नाडी पाहिली' हे चालते, कारण संदर्भ आपण मनातून भरतो. इंग्रजी वाक्य ते काम वाचणाऱ्यावर सोपवीत नाही.

विरुद्ध. दृष्टान्ताशी, सिद्धान्ताशी अथवा त्या शास्त्राच्या संकेताशी विरोध असणे. याची उदाहरणे सर्वांत अधिक आढळतात. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकालीन. आपल्याकडे तो शब्द 'फार तीव्र' या अर्थी सर्रास वापरतात. 'अॅक्यूट' म्हणजे अचानक किंवा अलीकडे उद्भवलेले. त्याचाही अर्थ 'तीव्र' असाच केला जातो. मग 'अॅक्यूट अँड क्रॉनिक पेन' असे वाक्य तयार होते आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. तीस रुग्णांवर काम करून 'इट इज प्रूव्ह्ड' असे लिहिणे हेही संशोधनशास्त्राच्या संकेताशी विरुद्ध होय. तेथे 'सजेस्ट्स' किंवा 'वॉज असोसिएटेड विथ' एवढेच म्हणण्याचा अधिकार आपल्याला असतो. आपले म्हणणे जेवढे आहे तेवढेच सांगणारा लेखक विश्वसनीय ठरतो.

रुग्णाचे शब्द आणि आपले शब्द

आमच्या भागातील रुग्ण वेदना सांगतो तेव्हा त्याच्यापाशी शब्दांचे भांडार असते. गळवात ठणका असतो, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो, काटा मोडलेल्या जागी सल राहतो, दाढ ठसठसते, डोळ्यात टोचते. निदानाच्या दृष्टीने ही प्रत्येक संज्ञा मोलाची आहे. तोद, भेद, शूल, स्फुरण यांचे आपल्या संहितांनी केलेले वर्णन याच शब्दांशी जुळते. विद्यार्थी इंग्रजी केसपेपरवर या साऱ्यांसाठी 'पेन' हा एकच शब्द लिहितो, आणि रुग्णाने दिलेले निदान तिथेच सांडते. इंग्रजीतही थ्रॉबिंग, शूटिंग, कॉलिकी, ग्राइपिंग, प्रिकिंग असे भेद आहेत. ते वापरावेत, अथवा रुग्णाचा मराठी शब्द अवतरणचिन्हांत जसाच्या तसा लिहावा. अवतरणचिन्हाचा याहून चांगला उपयोग आम्हाला ठाऊक नाही.

'कफ' या शब्दाने तर अनेकांना गोत्यात आणले आहे. इंग्रजी 'कफ' म्हणजे खोकला, मराठी कफ म्हणजे छातीतून पडणारा बेडका, आणि शास्त्रातील कफ म्हणजे दोष. घाईत लिहिलेल्या केसपेपरवर कोणता कफ अभिप्रेत आहे, हे लिहिणाऱ्यालाही आठवड्याने सांगता येत नाही. 'पित्त' म्हणून येणाऱ्या रुग्णाला आंबट ढेकर येत असतील किंवा अंगावर गांध्या उठल्या असतील. 'वाता'ची तक्रार करणाऱ्या आजोबांचे बहुधा गुडघे दुखत असतात. हे तिन्ही शब्द इंग्रजीत 'एअर', 'बाइल' व 'फ्लेम' असे उतरविले की सिद्धान्तविरोध घडतो. गुडघ्याच्या सांध्यात 'एअर' बिघडली असे वाचून आधुनिक वैद्यकाचा अभ्यासक काय समजेल? ज्वर म्हणजे केवळ 'फीवर' नव्हे. चरकाचार्यांनी देह, इंद्रिये व मन या तिन्हींचा संताप त्यात धरला आहे. म्हणून शास्त्रीय संज्ञा मूळ रूपात, तिरप्या अक्षरात ठेवावी, प्रथम येईल तेथे तिचा अर्थ एका वाक्यात द्यावा आणि पुढे शेवटपर्यंत तीच वापरावी. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्याधींच्या संज्ञांचा विभाग समाविष्ट केला. त्यामुळे आता संज्ञेला संकेतांक आला आहे. शिथिल भाषांतराला यापुढे जागा उरली नाही.

याच संदर्भात हिरड्याची गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा हा आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार आहे. कोवळी, अपक्व फळे तोडून वाळवितात, त्यांना बाळहिरडा म्हणतात. एका विद्यार्थ्याने आपल्या लेखात बाळहिरड्याचे इंग्रजी 'हरीतकी फॉर चिल्ड्रन' असे केले होते. बाळगुटीत हिरडा उगाळतात हे त्याने घरी पाहिले होते, त्यामुळे तर्क अगदीच निराधार नव्हता. परंतु येथे 'बाळ' हे विशेषण फळाचे आहे, ते घेणाऱ्याचे नव्हे. अपक्व फळ व पक्व फळ यांच्या गुणकर्मांत अंतर आहे. भाषांतराच्या एका चुकीने वाचणारा चुकीचे द्रव्य चुकीच्या वयाला देऊ शकतो.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहितानाही शिस्त हवी. 'टर्मिनॅलिया चेब्युला' यातील पहिल्या पदाचे आद्याक्षर मोठ्या लिपीतील, दुसऱ्याचे छोट्या. दोन्ही पदे तिरप्या अक्षरात, हाताने लिहिल्यास अधोरेखित. त्यापुढे येणारे 'रेट्झ.' हे नामकरण करणाऱ्या रेट्झियस यांच्या नावाचा संक्षेप असल्याने सरळ अक्षरात व पुढे टिंब देऊन लिहावे. ते टिंब संक्षेपाचे आहे. वाक्य तेथे संपत नाही.

विरामचिन्हे आपल्याकडे कशी आली

विरामचिन्हांविषयी आपल्या मुलांच्या मनात जी बेपर्वाई आढळते, तिला इतिहास आहे. संस्कृतात विभक्तिप्रत्यय व छंद यांनी अन्वय सांभाळला, म्हणून एक दंड व दोन दंड एवढ्यावर भागले. आपल्या पूर्वजांच्या दैनंदिन व्यवहाराच्या मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरूने सलग लिहीत जात. शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा कटाक्ष नाही, विरामचिन्ह तर नाहीच. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. आज आपण वापरतो ती स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी चिन्हे मराठी गद्यात रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. हे गृहस्थ पुण्यात शिक्षणखात्यात होते. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात त्यांचा वाटा होता आणि त्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. अर्थात आपल्या गद्याला ही चिन्हे लागून दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

इंग्रजीचे तसे नाही. त्या भाषेत विभक्तिप्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत. कर्ता कोण व कर्म कोण हे शब्दाच्या जागेवरून ठरते, आणि जागेने जे भागत नाही ते विरामचिन्ह भागविते. पथ्य लिहिताना हे विशेषत्वाने जाणवते. 'औषधाबरोबर दूधच घ्यावे' आणि 'औषधाबरोबरच दूध घ्यावे' ही दोन निरनिराळी पथ्ये आहेत. मराठीचा 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्याच्याशी एकनिष्ठ राहतो. इंग्रजीत 'ओन्ली' वाक्यात कोठे ठेवला यावर सारे अवलंबून असते. 'टेक ओन्ली मिल्क विथ द मेडिसिन' म्हणजे औषधाबरोबर दुधाखेरीज काही नको. 'टेक मिल्क ओन्ली विथ द मेडिसिन' म्हणजे एरव्ही दूध नको. अम्लपित्ताच्या रुग्णाला यांतील कोणते सांगितले गेले?

स्वल्पविरामाचेही तसेच. 'नो फीवर, कफ' असे लिहिले तर खोकला आहे की नाही? 'नो' चा अंमल स्वल्पविरामापाशी संपतो की पुढे चालतो, हे त्या एका शेपटीवरून ठरविणे अशक्य आहे. 'देअर इज नो फीवर. कफ इज प्रेझेंट.' अशी दोन लहान वाक्ये लिहावीत. शंका येईल तेथे पूर्णविराम द्यावा. पूर्णविरामाने आजवर कोणाचे नुकसान झालेले नाही.

वर जाणाऱ्या स्वल्पविरामाचा, म्हणजे अपॉस्ट्रॉफीचा, घोळ सर्वत्र आढळतो. मराठीच्या साहाय्याने तो सहज समजतो. 'रुग्णाची लक्षणे' आणि 'रुग्णांची लक्षणे' यांत भेद एका अनुस्वाराचा. इंग्रजीत हेच काम ते चिन्ह करते: 'एस' च्या आधी आले तर एका रुग्णाची, नंतर आले तर अनेकांची. 'इट्स' या उच्चाराचे दोन शब्द आहेत. चिन्ह असलेला 'इट इज' चा संक्षेप, चिन्ह नसलेला 'त्याचे' या अर्थाचा. प्रबंधात पहिल्याची गरजच पडू नये. तेथे 'इट इज' पूर्ण लिहावे.

आकडे आणि टिंब

आमच्याच परिसरातील नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे व कार्षापणांच्या संख्या त्यात अंकांत कोरलेल्या आहेत, आणि भारतीय अंकचिन्हांच्या प्राचीनतम पुराव्यांत त्याची गणना होते. त्या पद्धतीत दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. शून्य नव्हते, म्हणून एक शून्य अधिक पडण्याची भीतीही नव्हती. आपल्याला ती आहे. रसौषधी व विषवर्गातील द्रव्यांच्या बाबतीत तर ती सदैव असावी.

दोन साधे नियम आहेत. अर्धा लिहिताना टिंबापूर्वी शून्य द्यावे: ०.५. नुसते .५ लिहिले आणि टिंब पुसट उमटले, तर ५ वाचले जाते, म्हणजे दसपट. उलट पूर्णांकापुढे टिंब व शून्य देऊ नये, १.० चे १० होण्यास वेळ लागत नाही. शक्य तेथे अपूर्णांक टाळून मिलिग्रॅममध्ये लिहावे. भारतीय आयुर्वेद योगसंग्रहात एक रत्ती म्हणजे १२५ मिलिग्रॅम असे मान धरले आहे; तरीही 'एक रत्ती' लिहिण्यापेक्षा '१२५ मिलिग्रॅम' लिहिणे अधिक निःसंदिग्ध आहे. आणखी एक काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. देवनागरी ४ हा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो, आणि ओळीच्या शेवटचा दंड इंग्रजी एकासारखा. एका कागदावर एकच अंकपद्धती वापरावी, मिश्रण करू नये.

काय करावे

आमच्याकडे येणाऱ्या मुलांसाठी आम्ही एक रीत पाडली आहे, ती वाचकांनीही आपल्या ठिकाणी अजमावून पाहावी. विद्यार्थ्याने चिठ्ठी किंवा प्रकरण लिहिले की ते रुग्णाला न पाहिलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने मोठ्याने वाचावे व मराठीत अर्थ सांगावा. लिहिणाऱ्याने मध्ये एक शब्दही बोलू नये. जेथे अर्थ वेगळा निघेल तेथे वाक्य लिहिणाऱ्याचे चुकले, वाचणाऱ्याचे नव्हे. मग पाच दोषांपैकी कोणता घडला ते समासात लिहावे: न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक, विरुद्ध. दोष ओळखला की उपाय बहुधा आपोआप सुचतो. निदानानंतर चिकित्सा सोपी होते तसे. लांब वाक्याची दोन करावीत. भारदस्त शब्दाच्या जागी साधा शब्द ठेवावा. 'डिड नॉट इम्प्रूव्ह' हे तीन शब्द वाचणाऱ्याला जे सांगतात ते सबंध परिच्छेदाला जमत नाही.

इंग्रजी कच्चे म्हणून कोणा विद्यार्थ्याला हिणवू नये, अशी आमची सर्व अध्यापकांना नम्र विनंती आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्रिदोष, पंचमहाभूते व द्रव्यगुण पेलतात, तर तीन काळ व चार विरामचिन्हे का पेलणार नाहीत? त्याला लाजेने गप्प केले तर तो दुसऱ्याच्या प्रबंधातील परिच्छेद उतरवू लागतो, आणि त्याने स्वतः पाहिलेले रुग्ण त्याच्या लेखनातून नाहीसे होतात. अशुद्ध पण प्रामाणिक वाक्य दुरुस्त करता येते. उसने शुद्ध वाक्य दुरुस्त करता येत नाही.

आमची ती आंतरवासीय विद्यार्थिनी आता स्वतः वैद्य आहे. मध्यंतरी तिने एका रुग्णाबरोबर दिलेली चिठ्ठी आम्हाला पाहावयास मिळाली. चार ओळी, प्रत्येकीच्या शेवटी पूर्णविराम, ताप केव्हा सुरू झाला याची तारीख, आणि 'फीवर कंटिन्यूज टुडे' असे स्वच्छ अक्षरात. 'सिन्स' आणि 'फॉर' या दोघांनाही तिने बाजूला सारले होते. डिंभ्याच्या वरच्या त्या मावशी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बाळहिरड्याचे पुडके घेऊन येतात व पैसे घेत नाहीत. त्यांचा केसपेपर आम्ही अजून जपून ठेवला आहे, आणि आमच्या चिठ्ठीची प्रतही त्यालाच टाचलेली आहे. नवा विद्यार्थी आला की प्रथम तीच वाचावयास देतो.